डायोरामातला (छोट्या मॉडेलच्या देखाव्यातला) बर्फ पिवळा पडतो, गुठळ्या होतात, काय करावं? माझं सविस्तर उत्तर

पाहा भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही हिंगणघाटच्या बाजूचे, १:३५ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, स्टुअर्ट टँक आणलाय, १९४८ च्या काश्मीर युद्धातल्या झोजिला खिंडीच्या लढाईचा देखावा करून २६ जानेवारीला शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे. मागच्या वर्षी खायचा सोडा आणि फेव्हिकॉल मिसळून बर्फ केला, तो सुरुवातीला झक्कास दिसला आणि पावसाळा लागला तसा पिवळट पडला, वर गुठळ्या आल्या, कडेनं पापुद्रे सुटले. बाहेरून येणारी मॉडेलच्या बर्फाची बाटली परवडत नाही, तर इथं मिळणारी कोणती पावडर घेऊ, असं तुम्ही विचारलं. आणि जाता जाता एक ओळ लिहिली की "मी बर्फ कधी पाह्यला नाही, फोटोतच पाह्यला."

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. पावडर सांगतो, थोडक्या पैशांत काम होते, पण नुसती पावडर बदलून देखावा खरा वाटणार नाही. बर्फ पांढरा असतो म्हणून आपण सगळीकडं सारखा पांढरा थर देतो आणि तो मैदा सांडल्यासारखा दिसतो. बर्फ कुठं बसतो, कुठं बसत नाही, वारा त्याला कुठं नेऊन टाकते आणि पडून किती दिवस झाले, हे आधी ठरवलं तर साधी मार्बल पावडरसुद्धा हिमालय वाटते.

मी आर्वी तालुक्यातला. धंदा पेंटरचा, आधी बोर्ड रंगवायचो, नंतर गणपती आणि दुर्गादेवीच्या मंडळांचे देखावे, आणि गेल्या वीसेक वर्षांपासून छोटी मॉडेलं. कैलास, केदारनाथ, अमरनाथ, कारगिल, सगळं करून झालं, म्हणजे बर्फाचंच काम जास्त. खरा बर्फ मी एकदाच पाह्यला, अमरनाथ यात्रेला बालटालच्या रस्त्यानं गेलो तेव्हा. बालटाल म्हणजे झोजिलाच्या पायथ्याशीच. जुलै महिना होता, नाल्यावर जुना बर्फ साचून पुलासारखा झाला होता आणि त्याच्यावरून घोडे, माणसं चालून राहिली होती. मी पांढराशुभ्र बर्फ पाहायला गेलो आणि दिसला तो राखाडी, मातीनं मळलेला, वरून खड्ड्याखड्ड्यांचा, कडेला पाणी गळणारा, आणि जिथं तुटला होता तिथं आतून निळसर. त्या दिवसापासून मी देखाव्यात नुसता पांढरा रंग वापरणं बंद केलं.

आता आधी सोड्याचं सांगतो, म्हणजे तुमचं काय चुकलं ते कळेल. खायचा सोडा पाण्यात विरघळते. तुम्ही तो फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवता तेव्हा थोडा विरघळतो आणि वाळताना त्याचेच परत खडे बनतात, त्याच तुमच्या गुठळ्या. दुसरं म्हणजे तो अल्कलाइन आहे, गोंदासोबत राहून हळूहळू पिवळटपणा येतो. तिसरी गोष्ट आपल्या हवेची. पन्नास डिग्रीच्या वर सोडा हळूहळू मोडायला लागते, त्याचा धुण्याचा सोडा व्हायला लागते, आणि मे महिन्यात आपल्या इकडं टिनाच्या खोलीत बंद काचेच्या पेटीवर ऊन आलं तर आत पन्नास सहज होते. त्याच्यावर जून-जुलैची ओल. थंड-कोरड्या मुलखात सोडा काही वर्षं निभावून नेत असेल, पण विदर्भाचा उन्हाळा आणि लगेच पावसाळा हे दोन्ही त्याला झेपत नाही. दोन दिवसांच्या शाळेच्या नाटकाला, फोटो काढण्यापुरतं वापरायला काही हरकत नाही. ठेवायच्या वस्तूला नको.

बाकी जे जे लोक सुचवतात त्याचंही पटकन सांगून टाकतो. मीठ आणि साखर नको. स्केलचा हिशोब करा ना, मिठाचा दाणा समजा पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, त्याला ३५ ने गुणा, म्हणजे तुमच्या छोट्या सैनिकाच्या पायाशी हरभऱ्याएवढ्या गोट्या पडल्या आहेत. साखरेचा दाणा तर लिंबाएवढा होते, वर मुंग्या. डायपरमधल्या जेलचा बर्फ पाणी घातलं की असा फुगते की पाहतच राहावं, पण पाणी उडालं की आक्रसून जाते. थर्माकोलचे मणी गोल असतात, बर्फ गोल मण्यांचा नसतो, आणि तसंही २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. चुना आणि वॉल पुट्टी दिसायला ठीक, पण चुना हाताला-डोळ्याला लागते, शाळेतली पोरं हात लावणार, म्हणून मी टाळतो. काचेचे पोकळ सूक्ष्म मणी मिळतात, रेझिन-फायबरच्या कामाला वापरतात ते, बर्फ एक नंबर होते, पण ते हवेत उडतात आणि फुप्फुसात जाणं चांगलं नाही, चांगल्या मास्कशिवाय उघडायचेच नाहीत. पहिल्याच कामाला मी ते सांगणार नाही.

आणि कापूस. आपल्या घरात कापूस पडलेला असतो म्हणून सगळे आधी तिकडंच हात घालतात. कापसाचा धागा लांब, १:३५ मधे तो दोरीसारखा दिसते, धूळ धरते, आणि एकदा दबला की दबलाच. अजून एक जपा, झटपट चिकटणारा तो पातळ ग्लू कापसावर पडला तर एकदम तापते, धूर निघते, बोट भाजते. पण कापसानं मला बर्फ शिकवला, ते कसं ते सांगतो.

सीझनमधे एकदा जिनिंगमधे, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात जा. आत शिरायची परवानगी मागा आणि मशीनकडं नका पाहू, वर पाहा. लोखंडी कैच्या, पाइप, विजेच्या वायरी, ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीची चौकट, सगळ्यांवर उडालेल्या रुईचा थर बसलेला असतो. निरखून पाहा तो कसा बसलाय. वायर बोटाएवढी जाड, तर तिच्यावर थरही तेवढाच रुंद, वरून गोलसर, खालून वायर उघडी. अँगलच्या आडव्या अंगावर जाड, उभ्या अंगावर काहीच नाही. कोळ्याच्या जाळ्यावरसुद्धा थर. चालू पंख्याच्या आसपास साफ, आणि पंख्याच्या मागच्या कोपऱ्यात ढीग. नटबोल्टच्या प्रत्येक डोक्यावर छोटी टोपी. वारं नसताना पडलेला ताजा बर्फ अगदी असाच बसतो. मी एका डिसेंबरात दोन तास तिथं उभा राहून वहीत चित्रं काढली आणि ती वही आजही कामाच्या टेबलावर असते. तुमच्याकडं हिंगणघाटात तर जिनिंगला तोटा नाही.

वारा असताना काय होते ते पाहायला उन्हाळ्यातला फुफाटा पाहा, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) एखादा दगड किंवा बुंधा असेल तिथं. वाऱ्याकडच्या बाजूला दगडाच्या अगदी पायाशी माती खरवडून खळगा पडते, आणि मागच्या बाजूला, आडोशाला, लांब निमुळती शेपटी जमते. बर्फाचंही तेच. नवीन माणूस नेमका उलटं करतो, दगडाला चारी बाजूनं सारखा बर्फ चोपडतो, आणि दगड बर्फात उभा न दिसता बर्फात रोवल्यासारखा दिसतो.

आणि बर्फ वितळतो कसा ते गारपिटीत दिसते. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट आपल्यापैकी कोणी विसरणार नाही, हरभरा-गहू झोपला, संत्र्याचा मृग बहार गेला. त्या नुकसानीबद्दल इथं बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तेव्हा पाह्यलं की उघड्यावरच्या गारा विरल्या होत्या आणि धुऱ्याच्या सावलीत, पिकाच्या तासांच्या खोलगट भागात पांढऱ्या रेघा टिकून होत्या, कडेला काळी ओली माती. देखाव्यात एक बाजू उन्हाची धरा. हिमालयात दक्षिणेकडचं अंग आधी उघडं पडते, उत्तरेकडच्या सावलीत बर्फ टिकतो. तुमच्या पाटावर, म्हणजे देखाव्याच्या खालच्या फळीवर, आधी पेन्सिलनं दोन बाण काढा, एक वाऱ्याचा, एक उन्हाचा. मी प्रत्येक कामाला काढतो.

आता तुमच्या प्रसंगाकडं येऊ. झोजिलाचा तो हल्ला १ नोव्हेंबर १९४८ चा, ऑपरेशन बायसन, आपल्या फौजेच्या सातव्या कॅव्हलरी रेजिमेंटचे स्टुअर्ट टँक. खिंड साडेअकरा हजार फुटांच्या वर. टँक श्रीनगरमार्गे सुटे करून गुपचूप आणले आणि मद्रास सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीनं, खेचरांच्या वाटेचा जीप जाईल एवढा रस्ता केला. एवढ्या उंचीवर लढाईत टँक येतील असं समोरच्या पाकिस्तानी बाजूच्या ध्यानीमनी नव्हतं. हे मी तुम्हाला इतिहास म्हणून नाही सांगून राहिलो, तुम्हाला तो ठाऊक असेल, याच्यातून बर्फ काढायचा आहे म्हणून सांगतो. तारीख नोव्हेंबरची पहिली, म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. मी हा देखावा केला तर कमरेएवढा बर्फ नाही दाखवणार. ताजा, पातळ बर्फ दाखवीन, दगड उघडे, आडोशाला साचलेला, आणि रस्ता मात्र नुकताच खोदलेला, त्याच्यावरून टँक गेलेला, म्हणून तिथं बर्फ-माती-खडी एकत्र कालवलेली. तुमचं स्केल १:३५ आहे, तर खरा दहा सेंटिमीटर बर्फ म्हणजे तुमचा जेमतेम तीन मिलिमीटर, आणि गुडघाभर म्हणजे अर्धा मीटर धरला तर चौदा मिलिमीटर. उघड्यावर दोन-तीन मिलिमीटर आणि दगडांच्या आडोशाला दहापर्यंत, एवढा हिशोब पुरे. हे माझं मत झालं. तुमच्याकडं त्या दिवसाचा एखादा जुना फोटो असेल तर माझं सोडा आणि फोटो धरा.

आता सामान. टाइल्सच्या किंवा मूर्तीच्या सामानाच्या दुकानात मार्बल पावडर मिळते, एक किलो घ्या, उरेल. नाहीच मिळाली तर पांढरी रांगोळी चालते, ती दगडाचीच असते, पण फार जाड, ती खलबत्त्यात कुटून घ्यावी लागते. दोन्हीपैकी काहीही असो, वस्त्रगाळ करायचं, आपण औषधाचं चूर्ण करतो तसं. जुनं मऊ धोतर किंवा मलमलचा तुकडा गंजाच्या (पातेल्याच्या) तोंडाला बांधा आणि वरून पावडर घासा. खाली जे पडेल ते वरच्या थराला, कापडावर जे राहील ते खालच्या थराला. नाका-तोंडाला मास्क बांधूनच, ही दगडाची धूळ आहे. मार्बल पावडर पाण्यात विरघळत नाही, हवेतली ओल ओढत नाही, उन्हानं मोडत नाही, म्हणून आपल्या इकडं टिकते. सोडा सोडून मी हिच्याकडं वळलो त्याचं कारण एवढंच.

तिच्यात एक खोट आहे, ती आधीच सांगतो. कोरडी असताना पांढरीफेक, पण गोंदात भिजली की राखाडी, मेणचट दिसते. ओला खडू गडद दिसते ना, तसं. म्हणून तिच्यात पांढरा ॲक्रिलिक रंग घालावाच लागते, टायटॅनियम व्हाइट, तो गोंदातही पांढराच राहते. ऑइल पेंट, इनॅमल अजिबात नको. मी बोर्डवाला माणूस, डबाभर पांढरा इनॅमल घरात पडलेला असायचा, सुरुवातीला तोच वापरला आणि बंद खोलीत ठेवलेला कैलास वर्षभरात तुपाच्या रंगाचा झाला. तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतेच, बोर्ड उन्हात असतात म्हणून तिथं कळत नाही.

खालची जमीन बर्फाच्या आधी पूर्ण तयार पाहिजे, रंगवूनसुद्धा. चढ-उतार फोमच्या शीटचे कापा किंवा कागदाच्या लगद्याचे करा, बर्फाच्या लेपानं उंची उचलू नका, जाड लेप वाळताना आक्रसते आणि तडकते. लगदा केला तर खळीत चिमूटभर मोरचूद टाका, कीड आणि बुरशी लागत नाही, पण ते विष आहे, भांडं वेगळं ठेवा आणि हात धुवा. आणि एक कळकळीची विनंती, आपल्या शेतातली काळी माती जमिनीला वापरू नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात, ते आपण दर उन्हाळ्यात पाहतोच, तुमच्या पाटावरही तेच होईल. शिवाय तिथले डोंगर राखाडी-भुरे. नदीची बारीक वाळू चाळून घ्या आणि राखाडी-तपकिरी रंगवा. दगडांना लाकडाचा कोळसा किंवा खडबडीत सालीचे तुकडे छान दिसतात, गोटे नको, डोंगरातला दगड तुटलेला, धारदार असतो.

लेप असा. तीन चमचे जाडसर मार्बल पावडर, एक चमचा पांढरा ॲक्रिलिक, एक चमचा फेव्हिकॉल, आणि पाणी थेंबाथेंबानं, धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट, थालीपिठापेक्षा सैल. जुन्या ब्रशनं आणि बोथट चाकूनं लावा, आडोशाकडून सुरू करा आणि उघड्याकडं निमुळतं करत आणा, कड कुठंही कापल्यासारखी उभी राहिली नाही पाहिजे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही, जास्त पाहिजे असेल तर वाळू द्या आणि परत लावा.

लेप ओला असतानाच वरून वस्त्रगाळ पावडर पाडायची, आणि याच्यात सगळी जादू आहे. छोट्या चहाच्या गाळणीला मलमल बांधा, फूटभर उंचीवर धरा आणि बोटानं हळूहळू टिचक्या मारा. हातानं भुरभुरू नका, चाळणीतून उभी पडली पाहिजे, म्हणजे ती आपोआप तिथंच बसते जिथं खरा बर्फ बसला असता, दगडाच्या माथ्यावर, टँकच्या फेंडरवर (पट्ट्यांवरच्या पत्र्यावर), पेटीच्या झाकणावर, आणि उभ्या अंगावर बसत नाही. जिनिंगमधे पाह्यलेलं सगळं इथं स्वतःहून होते. वारा दाखवायचा असेल तर पाट थोडा तिरपा धरून चाळा. एकदा चाळून दहा मिनिटं थांबा, लेपानं पावडर पिऊन घेतली असेल, मग परत चाळा.

आता ही वरची पावडर पक्की करायची, आणि बहुतेकांचं काम इथं बिघडते. साधं गोंदाचं पाणी फवारलं तर मोठ्या थेंबानं पावडरीत खड्डे पडतात, पाऊस पडल्यासारखे. आधी मेडिकलमधलं स्पिरिट सलूनच्या फवारणीच्या बाटलीत भरा, दोन फुटांवरून पाटाच्या वरच्या हवेत फवारा, धुकं खाली उतरू द्या, थेट पाटावर रोखू नका. खोलीत दिवा-अगरबत्ती-गॅस काही नको, स्पिरिट पेट घेते. रंगवलेल्या टँकवर स्पिरिट जाऊ देऊ नका, टँक या वेळी बाजूला काढून ठेवा, त्याच्यावरचा बर्फ वेगळा करायचा. पावडर ओलसर झाली की एक भाग ॲक्रिलिक मॅट मीडियम (चमक न येणारा, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद) आणि चार भाग पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, हे परत तसंच वरून धुक्यासारखं. लिक्विड काहून, तर त्यानं पाणी पावडरीवर मोत्यासारखं न थांबता आत मुरते. वरच्या थराला मी फेव्हिकॉलऐवजी मॅट मीडियम वापरतो, ते ओलीत मऊ पडत नाही आणि वर्षानुवर्षं पांढरं राहते. छोटी बाटली पुरते, आर्टच्या दुकानात मिळते.

तर आतापर्यंतचा क्रम डोक्यात ठेवा, बाण, जमीन, रंग, लेप, चाळण, स्पिरिट, मीडियम. लेपापासून पुढचं सगळं एका दुपारी होते, फक्त जमीन दोन दिवस आधी वाळलेली पाहिजे.

लेप अर्धवट घट्ट झाला, म्हणजे बोट लावलं तर ठसा उमटते पण बोटाला चिकटत नाही, त्या वेळी पावलं आणि टँकच्या पट्ट्यांच्या खुणा काढायच्या. सैनिकाचा पाय पाण्यात बुडवून दाबा, ओला केला नाही तर लेप उचलून घेते. पावलं सरळ रेषेत सारख्या अंतरावर नका काढू, चढावर माणूस जवळ-जवळ आणि खोल पाय टाकतो, आणि दोघं-तिघं असले तर मागचे पुढच्याच्याच पावलात पाय टाकतात कारण त्यानं दम कमी लागते. पट्ट्याच्या खुणेत दबलेला बर्फ गुळगुळीत आणि थोडा गडद, आणि कडेला उकरलेल्या ढेकळांची रांग. त्या ढेकळांसाठी वाळलेला लेपच चुरून टाका, वेगळं काही लागत नाही.

टँकवरच्या बर्फात एकच गोष्ट ध्यानात घ्या, तो चालू आहे की रात्रभर उभा. स्टुअर्टचं इंजिन मागं असते. टँक चालू असेल तर मागच्या जाळ्यांवर, सायलेन्सरवर बर्फ राहणार नाही, ओली चमक आणि खाली गळालेल्या पाण्याचे ओघळ. पुढं फेंडरवर, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) माथ्यावर, बांधलेल्या ताडपत्रीच्या घडीत राहील. तोफेच्या नळीवर बारीक रेघ, तीही गोळा झाडला नसेल तरच. चाकांवर शुभ्र बर्फ नाही, चिखल-बर्फ एकत्र. त्यासाठी लेपात तुमच्या जमिनीचाच रंग मिसळा आणि वरून थोडं ग्लॉस वार्निश, म्हणजे ओलं दिसते.

रंगाबद्दल. बर्फ सावलीत निळसर दिसतो, वरून आकाशाचा निळा पडतो म्हणून, आणि खोल भेगेत आतूनच निळा, कारण साठलेला बर्फ तांबडा उजेड जास्त गिळते. याला सगळ्यात चांगली वस्तू तुमच्या घरातच आहे, कपड्यांना घालायची पावडरची नीळ. ती अल्ट्रामरीनच असते. पातळ बाटलीतली निळ नको, तो डाय असतो, पसरतो आणि उडतो. सुईच्या टोकावर मावेल एवढी पावडर चमचाभर मीडियममधे, आणि ती फक्त पावलांच्या आत, पट्ट्यांच्या खुणेत, दगडाच्या सावलीकडच्या बुडाशी, ओलसर ब्रशनं. दोन पावलांवरून पाह्यल्यावर "इथं निळं आहे" असं कळलं तर जास्त झालं, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. एखाद्या जागी उलटं, चिमूटभर मातीची धूळ, कारण रस्त्याजवळचा बर्फ दोन तासांतच मळतो.

चमकी टाकू नका, विनंती आहे. बर्फ उन्हात चमचमतो हे खरं, पण बाजारातली चमकी या स्केलला आरशाच्या तुकड्याएवढी होते. अगदीच वाटलं तर अभ्रकाची सगळ्यात बारीक पावडर, ब्रशला लावून झटकून टाका आणि उरलेल्या ब्रशनं फक्त उन्हाच्या बाजूनं एकदा फिरवा. बर्फाचे लोंबते सुळे तुमच्या देखाव्यात एखाद्याच कपारीला शोभतील. सीडीची पारदर्शक डबी असते तिची पट्टी मेणबत्तीवर, ज्योतीच्या वर धरून मऊ करा आणि ओढा, सुईसारखी निमुळती होते. सरळ खाली लोंबणारे, वर जाड खाली बारीक, कमी-जास्त लांबीचे लावा.

हवामानाचं राहिलं. हे काम तुम्ही डिसेंबरात करणार, सगळ्यात चांगला महिना, लेप संथ वाळते. कोणी एप्रिल-मे मधे करत असेल तर वरची साय लगेच धरते आणि आत ओलं राहून तडे जातात, तेव्हा रात्री काम करा, आणि लेप घट्ट होईपर्यंत पाटावर उलटं खोकं झाका. पावसाळ्यात केलं तर तीन-तीन दिवस वाळत नाही. झाल्यावर काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी पाहिजेच, धुळीनं मळलेला बर्फ पुसता येत नाही. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, पावसाळ्यात बदला. आणि ती पेटी कुलरच्या खोलीत ठेवू नका. आपण म्हणतो उन्हाळ्यात हवा कोरडी, पण कुलर चार महिने त्या खोलीत पाणीच सोडत असते, आणि माझं एक केदारनाथ पावसानं नाही, कुलरनं गेलं, पाठीमागच्या भिंतीला बुरशी धरून.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, थेट देखाव्यावर हात घालू नका. प्लायवूडचे दोन-तीन छोटे चौकोनी तुकडे घ्या, प्रत्येकावर एक खडा चिकटवा आणि लेपाचं प्रमाण बदलून-बदलून बर्फ करा, मागं पेन्सिलनं प्रमाण आणि तारीख लिहा. एक उन्हात, एक कुलरजवळ, एक कपाटात ठेवा. माझ्याकडं असे तुकडे एका खोक्यात भरून आहेत, आणि मी तुम्हाला वर जे तीन-एक-एक प्रमाण सांगितलं ते ज्या तुकड्याचं आहे त्यानं माझ्या टिनाच्या खोलीत सात पावसाळे काढलेत. तुमच्या गावची पावडर वेगळी असेल, रंग वेगळ्या डब्याचा असेल, म्हणून तुमचे तुकडे तुम्हीच करा. जमीन तयार झाली की बर्फ लावायच्या आधी एक फोटो पाठवा, बाण काढलेला दिसला पाहिजे, मग आडोसा कुठं धरायचा ते नक्की सांगतो.